सासूबाईंचा लाल गालिचा

सिंगापूरला लोक खरेदीला जातात, मुलांना प्राणी दाखवायला जातात. आम्ही गेलो एका गालिच्यासाठी. हसा खुशाल.

माझ्या सासूबाई नवीन लग्न झालेल्या असताना पुण्यात कॅम्पात इंग्रजी सिनेमे बघायच्या. सिनेमाआधी कधीमधी हॉलिवूडच्या पुरस्कार सोहळ्याची छोटीशी फिल्म लागायची. लांब हातमोजे घालून गाडीतून उतरणाऱ्या नट्या, दोन वाक्यांत आभार मानून गप्प बसणारे नट. फिल्म काळी-पांढरी, त्यामुळे तो गालिचा लाल असतो हे आईंना फार उशिरा, मासिकातल्या रंगीत फोटोवरून कळलं. हल्लीचे सोहळे टीव्हीवर लागले की म्हणतात, ती शान गेली गं, आता नुसती बडबड. तशा गालिच्यावरून एकदा चालायचं, एवढीच त्यांची हौस. आणि हौसेला मोल नसतं.

२०१६ साली माझी नणंद शर्मिला हिचा सिंगापूरच्या टॅम्पिनीसहून फोन आला. बुगिसजवळच्या एका जुन्या थिएटरात त्या जुन्या सोहळ्यांच्या फिल्म दाखवणार होते, दारात लाल गालिचा घालून. मी नवऱ्याला आठवडाभर डबा लावून दिला आणि तिकिटं काढली.

टॅम्पिनीस विमानतळाच्या अगदी जवळ आहे. सामान असेल तर सरळ टॅक्सी घ्या. पहिले दोन दिवस आम्ही शर्मिलाच्या फ्लॅटजवळच्या हॉकर सेंटरमध्येच रमलो. शाकाहारी असाल तर भारतीय स्टॉलवर डोसा मिळतो. कॉफी कमी गोड हवी असेल तर 'सिऊ दाई' म्हणा, नाहीतर बासुंदी प्यायल्यासारखं होतं. आईंना ती बासुंदीच आवडली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निघालो. टॅम्पिनीसहून एमआरटीची, म्हणजे तिथल्या मेट्रोची, हिरवी लाइन धरली की गाडी न बदलता बुगिस येतं. आईंनी काळी चंद्रकळा नेसली होती. संक्रांतीची साडी इथे कशाला, म्हणून शर्मिलानं नाक मुरडलं. पण त्या फिल्ममध्ये सगळं काळं-पांढरंच तर असायचं, असं आईंचं म्हणणं. यावर काय बोलणार, कप्पाळ?

थिएटरच्या दारात गाऊनमधल्या बायका, बो लावलेले पुरुष, फ्लॅशचा लखलखाट. आई थबकल्या. मी आपली इथूनच बघते, म्हणाल्या. मला भरून आलं आणि रागही आला. एवढा समुद्र ओलांडून दारातून परत जायचं? मी त्यांना हलकेच पुढे केलं. त्या गालिच्याच्या कडेपर्यंत गेल्या आणि सवयीनं चपला काढून बाजूला ठेवल्या. घरी सतरंजीवर कुणी चपलांनी चढलं तर घर डोक्यावर घेणाऱ्या बाई त्या, दुसरं काय करणार?

"आज्जी, शूज लाह," शर्मिलाची मुलगी सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली, "एव्हरीबडी लुकिंग."

शर्मिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईंनी आधी पायांकडे बघितलं, मग समोर. मला वाटलं, झालं, आता परत फिरणार.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चपला असत्या तर पायांना काय कळलं असतं?"

आणि चालल्या. सावकाश, मान ताठ ठेवून, निऱ्या सांभाळत. फोटोवाल्यानं त्यांचेही फोटो काढले. शर्मिला मागून चपला घेऊन आली. आत फिल्म सुरू झाल्यावर आई पुढे सरकून बसल्या, त्या संपेपर्यंत तशाच.

परतताना एमआरटीत मी विचारलं, कसं वाटलं?

"खरखरीत होता गं," त्या हळूच म्हणाल्या. "पायपुसण्यासारखा."

मला इतकं वाईट वाटलं.

पुण्यात आल्यावर चॉकलेटं वाटून झाली. मला विचाराल तर तशा एका संध्याकाळपुरतं तरी सिंगापूरला जावंच. शेजारच्या लेलेकाकू मात्र चॉकलेटांसाठी नाही, गालिच्याची हकिकत ऐकायलाच आल्या होत्या. गालिचा कसा होता हो, त्यांनी विचारलं. आईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"लोण्यासारखा," त्या म्हणाल्या. "पाय रुतत होते अगदी."

"हो ना," मी म्हटलं. "मी बघत होते."