आयरिश समुद्र ते नॉर्थ सी, आणि माझ्या मागे सतत एक डॉक्टर

ब्रॅकनेलच्या आमच्या स्वयंपाकघरात मी जाहीर केलं, की मी इंग्लंड आडवं पार करणार, सायकलवर. श्रीरंग, माझा नवरा, म्हणाला, "ठीक आहे. मी सपोर्ट व्हॅन चालवतो." इतक्या पटकन हो? तिथेच शंकेची पाल चुकचुकली. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे; संशय घेण्याचाच मला पगार मिळतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या हृदयात स्टेंट बसला. आता डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली होती, पण लोक अजून माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, आणि त्याचा मला वीट आला होता. म्हणून श्रीरंगला अट घातली: सोबत येणाऱ्या सायकल ग्रुपमध्ये कुणालाही सांगायचं नाही. मला सायकलवाली म्हणून जायचं होतं, पेशंट म्हणून नाही.

सुरुवात व्हाइटहेवनला. मागचं चाक आयरिश समुद्रात बुडवायचं आणि पुढचं थेट टाइनमथला, नॉर्थ सीमध्ये, अशी या रस्त्याची रीत. ट्रेनने येणार असाल तर सायकलची जागा आधी बुक करा, मोजक्याच घेतात. आमचा लीडर नील, ब्रिस्टलचा इंजिनियर, इंग्लंडमध्येच जन्मलेला. "मेधा आंटी, तुमचा सायकल एकदम सॉर्टेड आहे. नो रश, ओके?"

नो रश? मलाच का?

तेवढ्यात ग्लासगोची चाळिशीतली सुप्रिया जवळ आली. ती डॉक्टर. "ताई, मी तुमच्या मागेच राहते हं." मी व्हॅनकडे पाहिलं. श्रीरंग अगदी मन लावून टायर न्याहाळत होता.

केझिकपर्यंतचा रस्ता देखणा आहे. आधी जुन्या रेल्वेमार्गाची सपाट वाट, मग जंगलातून दमवणारा चढ. पण मी झाडांपेक्षा जास्त मागेच बघत होते. मी हळू झाले की सुप्रिया हळू. मी फोटोला थांबले की तिलाही नेमकी तहान लागायची. आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर आमची पांढरी व्हॅन उभी, आत चहाचा फ्लास्क आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. पुऱ्या मी खाल्ल्या, पण रागाने.

पेनरिथच्या बी अँड बीमध्ये मालकीणबाईंनी मला तळमजल्याची खोली दिली. "जिने नकोत ना?" असं हसून विचारलं. म्हणजे यांनाही कळलं! (खोल्या आधीच घ्या, शनिवारी दर चढतात. ब्रेकफास्ट भरपेट मिळतो.) रात्री श्रीरंगला दरडावून विचारलं, तर "मी कुणालाही काही बोललो नाही," एवढंच. फार छोटं उत्तर. टेस्टिंगमध्ये अशी उत्तरं मी परत पाठवते.

तिसऱ्या दिवशी हार्टसाइड. चढ जीवघेणा नाही, पण संपत नाही. हलका गिअर नसेल तर आधी बदलून घ्या. वळणामागून वळण, दोन्ही बाजूंना मेंढ्या, तोंडावर वारा. मध्यावर, रस्त्याकडेला, व्हॅन. श्रीरंग दार उघडून उभा. मला त्या दारात बसायचं नव्हतं, काही झालं तरी. मी न बघता पुढे गेले आणि थांबत थांबत, पण स्वतःच्या पायांनी माथ्यावर पोचले. इतका आनंद झाला की रडू आलं. मागोमाग सुप्रिया. आता मात्र माझा बांध फुटला.

"सुप्रिया, खरं सांग. श्रीरंगने तुला माझ्या हार्टबद्दल काय सांगितलंय?"

तिने हेल्मेट काढलं. "हार्ट? ताई, काय झालंय तुमच्या हार्टला?"

झालं. इतके दिवस जपलेलं मीच ओकले. स्टेंटचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले आणि मग म्हणाली, "मी मागे राहते ते माझ्यासाठी. लास्ट इयर मी उतारावर पडले, कॉलरबोन मोडलं. तेव्हापासून डाउनहिलची जाम भीती वाटते. बाकीचे सुसाट जातात. तुम्ही प्रत्येक वळणावर आधी संशय घेता, मग जाता. तुमच्या मागे मला सेफ वाटतं."

ऑल्स्टनचा लांबलचक उतार मी पुढे राहून उतरले. "खडी!" "ओलं आहे!" असं ओरडत, आणि मागून दर वेळी "ओके ताई!" ऐकत.

टाइनमथला पुढचं चाक पाण्यात घातलं. 'नो रश' नील सगळ्यांनाच म्हणतो, आणि पेनरिथच्या मालकीणबाई दमून आलेल्या सगळ्याच सायकलवाल्यांना जिन्याचं विचारतात, हेही तिथे कळलं.

घरी आल्यावर श्रीरंगला विचारलं, "तू खरंच कुणालाच सांगितलं नव्हतंस?"

"तूच नको म्हणालीस."

"मग प्रत्येक माथ्यावर व्हॅन?"

तो फ्लास्क विसळत राहिला. "तू दिसेपर्यंत मला पुढे जाताच यायचं नाही गं. आणि बोलणार तरी कुणाशी?"

मला पुढे नील होता, मागे सुप्रिया. याच्या शेजारची सीट मात्र सगळा रस्ता रिकामी होती, आणि ती अट माझी होती. मी सुप्रियाला फोन लावला आणि त्याच्या ओल्या हातात दिला. "डॉक्टर आहे. काय विचारायचंय ते विचार."

तो मागच्या अंगणात गेला. चहा दोनदा गरम करावा लागला, तरी त्याचं बोलणं संपलं नव्हतं.