ताराचंदभाऊंनी आणलेला निरोप

इंदुताई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि सहजासहजी कोणावर विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रोगी ‘गोळी गिळली’ म्हणाला, तरी त्या त्याला तोंड उघडून दाखवायला लावत.

नवरा वसंत उमरेडच्या विणकराच्या घरातला. त्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याच्या आईनं, रुख्माबाईनं, दार लावून घेतलं. पुढं वसंत गेला, आणि वर्षभरात म्हातारीचं अर्धं अंग लुळं पडलं. धाकट्या लेकाच्या घरी तिची आबाळ पाहून इंदुताईंनी तिला नागपूरला आणलं. म्हातारी त्यांच्या हातचं खायची आणि दिवसभर त्यांनाच बोल लावायची.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेजारच्या कांताबाईंकडे प्रार्थनासभा झाली. बाहेरगावचे उपदेशक ताराचंदभाऊ आले होते. त्यांनी इंदुताईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाले, “बहिणी, प्रभूनं मले दाखवलं. म्हातारीले तिच्या लोकांत पाठवा. तुमाले तो बालाघाटकडे सेवेले बोलावून राहिला.”

इंदुताईंना एकदम हलकं वाटलं. घरी येताना त्या चक्क गुणगुणत होत्या. ते ध्यानात आलं आणि मनात पाल चुकचुकली. देवानं आजवर सांगितलेलं काहीच इतकं सोयीचं नव्हतं. म्हातारीपासून सुटावं असं त्यांना कितीदा वाटलं होतं, पण ते त्यांनी फक्त कांताबाईंपाशी बोलून दाखवलं होतं. मग वाटलं, ही शंका तरी कोणाची? देवाचं बोलावणं हुकावं म्हणून सैतानच तर ती घालत नसेल? शुक्रवारी त्यांनी उपास केला. मन काही निवळलं नाही.

शेवटी त्या कांताबाईंकडे गेल्या.

“माह्या सासूचं तू भाऊले सांगितलं होतं काय वं?”

कांताबाई तांदूळ निवडत होत्या. “प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलं.”

“आन् बालाघाटचं?”

“तिथल्या दवाखान्यात त्याईले नर्स पाहिजे होती,” कांताबाई मान वर न करता म्हणाल्या.

ताराचंदभाऊ अजून कांताबाईंकडेच उतरलेले होते आणि ओसरीवरच बसले होते. इंदुताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. “भाऊ, माह्या घरी चला. मले सांगितलं ते माह्या सासूपुढं सांगा.”

“अविश्वासी माणसापुढं असे निरोप सांगत नसतात.”

“मंग तिच्यासाठी काही निरोप असंल तर तो सांगा.”

भाऊंचा चेहरा उतरला. “तुमच्यावर शंकेचा आत्मा आहे, बहिणी.”

“असंल. पण लेकाकडे धाडली तर महिनाभरात तिच्या पाठीले जखमा पडतील, हे मले साफ दिसून राहिलं.”

त्या घरी आल्या आणि म्हातारीला कुशीवर वळवलं. “इतका उशीर काहून केला?” म्हातारी खेकसली. तशीच खेकसत ती आणखी चार वर्षं जगली. कांताबाईंनी मात्र इंदुताईंना सभेला बोलावणं सोडलं.

पुढं ताराचंदभाऊंनी दुसरी नर्स नेली. तिथला दवाखाना चांगला चालला आहे, बाळंतिणी दुरून येतात, असं इंदुताईंच्या कानावर आलं. ते ऐकून त्यांचं कितीतरी दिवस प्रार्थनेत मन लागलं नाही. आपलं चुकलं तर नाही, असं त्यांनी देवाला सरळ विचारलं. उत्तर आलं नाही; आणि मनातून जे उत्तर येऊ बघत होतं, ते फारच गोड होतं, म्हणून त्यांनी तेही बाजूला ठेवलं.