डबा कुणी पाठवायचा

शहरातल्या उस्मानपुऱ्यात बद्रीनाथला ओळखणारे एकच गोष्ट सांगतात, की हा माणूस कधी कुणावाचून अडून राहिला नाही. दवाखान्यात एकटा जातो, बाहेरगावाहून आला तर कुणाला स्टँडवर बोलावत नाही. बायको चिडते, मुलं हसतात. हा गुण त्याला कुठून लागला, हे मात्र कुणी विचारत नाही.

पोलीस ॲक्शन झाली त्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसात, तो जन्मला. फुलंब्रीचं घर भरलेलं होतं. वडील तात्यासाहेब, आई चतुराबाई, थोरले भाऊ, वहिन्या, त्यांची पोरं, गडीमाणसं. बद्री शेंडेफळ, पण लाड करायला कुणाला सवड नव्हती. तात्यासाहेब गावचे मोठे माणूस. कुणी बांध कोरला, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळे तंटे त्यांच्याच ओसरीवर मिटायचे. मॅट्रिकसाठी त्यांनी बद्रीला शहरात ठेवलं, आशाबाई नावाच्या विधवेकडं खोली घेऊन दिली, डब्याची सोय लावली आणि पुन्हा काही ते तिकडं फिरकले नाहीत.

डब्याची रीत सगळ्या पोरांची सारखीच. गावाकडच्या माणसानं थांब्यावरच्या हॉटेलात डबा आणून द्यायचा, एसटीच्या ड्रायव्हरनं तो शहरात आणायचा, पोरानं स्टँडवर उचलायचा. धुतलेला रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा आणि घरच्यांनी तो हॉटेलातून न्यायचा.

सुरुवातीला नीट चाललं. मग डबा मधूनच चुकू लागला. त्या दिवशी बद्री फुटाण्यांवर भागवायचा. गाडी चुकली असेल, घरात पाहुणे असतील, अशी कारणं घरच्यांच्या वतीनं तो स्वतःच शोधायचा.

एकदा डबा आला, पण उचलला तर हलका. फडक्याची गाठ त्याला ओळखीची वाटली. ती त्यानंच मारलेली होती. उघडून पाहिलं, तर आत त्यानंच धुऊन पुसलेला कोरडा डबा. तो तसाच कारभारी ड्रायव्हरकडं गेला.

"काका, हा कुणी दिला?"

"कुणी नाय रं. हॉटेलात ठेवलेला व्हता, मी उचलला." कारभारीनं डबा हातात घेऊन पाहिला. "मला वाटलंच जरा हलका लागतोय. म्हटलं, आज भाकरी कमी घातल्या आसतील."

म्हणजे रिकामा डबा न्यायलासुद्धा घरून कुणी आलं नव्हतं. बाकीची पोरं आपापले डबे उचलत होती. एकानं विचारलं, "काय बद्री, कालवण काय हाय?"

"पिठलं," बद्री म्हणाला आणि फडक्याची गाठ पुन्हा बांधून चालू लागला.

रविवारी तो गावी गेला. गाडीत त्यानं सगळं मनाशी ठरवलं होतं. आपण म्हणायचं, मी हातानं करून खातो. मग आई कपाळावर हात मारील, बापाचा आवाज चढेल, वहिन्यांना बोल बसतील आणि उद्यापासून डबा येईल. त्याला चूल पेटवायची नव्हतीच. त्याला कुणीतरी नको म्हणायला हवं होतं.

घरी ओसरीवर दोन भावांच्या वाटणीचा तंटा चालला होता. आई म्हणाली, पाय धू, जेवून घे. तो जेवला. कसा आहेस, कुणी विचारलं नाही. शेवटी त्यानंच विषय काढला. ज्वारी आणि तवा द्या म्हणाला.

"तवा कशाला?" आईनं विचारलं.

"करून खाईन तिथं. डबा येत नाय."

आईनं थोरल्या सुनेकडं, द्वारकाकडं पाहिलं. द्वारका म्हणाली, मी भाकरी बांधून ठेवते, कडूबा नेतो. कडूबा गडी दारातूनच म्हणाला, ठेवलेल्या दिसल्या तर नेतो, नाहीतर समजतो मालकीणबाईंनी दुसऱ्या कुणाबरोबर धाडल्या. ज्याला त्याला दुसऱ्यावर भरवसा होता. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

"उद्यापासून मीच भरून देते," आई म्हणाली. बद्रीचा जीव हलका झाला.

एवढ्यात तात्यासाहेब पाणी प्यायला आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "करून खातो म्हणतोय ना? खाऊ दे. आपली काळजी मिटली." मग ओसरीवर जाऊन तंट्याला आलेल्या भावांना म्हणाले, "बघा, आमचं धाकटं पोरगं. न्हाय तर तुम्ही, अजून बापाच्या हिश्श्याला लोंबकळताय."

बद्री आईकडं पाहत राहिला. ती काही बोलेल असं त्याला वाटलं. ती उठली आणि पोत्यात ज्वारी भरू लागली. चांगली निवडक भरली, वर तवा आणि चटणीचं मडकंही ठेवलं.

संध्याकाळी कारभारीनं पोतं टपावर चढवलं. "आता डबा नाय आणायचा का?" त्यानं विचारलं. बद्रीनं मान हलवली. कारभारीनं गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यानं ज्वारी दळून आणली आणि आशाबाईच्या परसात तीन दगड मांडले. पीठ किती घ्यायचं, हे त्याला माहीत नव्हतं. भाकरी होताना त्यानं पाहिल्या होत्या त्या फक्त भरल्या घरात. तेवढ्या अंदाजानं त्यानं परात भरून पीठ मळलं. भाकरी फाटल्या, करपल्या, पण होत गेल्या. आशाबाई दारात येऊन म्हणाली, "कोण येणार हाय रं एवढं जेवायला?"

"कुणी नाय," तो म्हणाला.

दीड भाकरी त्याला पुरली. बाकीच्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. सकाळी त्या कडक झाल्या होत्या. त्यातली एक त्यानं पाण्यात भिजवून खाल्ली आणि शाळेत गेला.