बिनधुराचे निखारे

नात झाल्यापासून नांदूरघाटात कुणाच्या घरी बाळंतीण असली की धोंडप्पा वाण्याची बायको महानंदा न बोलावता जायची. बाळाचं तोंड बघायच्या आधी खिडकी उघडायची आणि बाजेखालची शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवायची. घरच्या बायका कुरकुरायच्या, "वारं लागंल की लेकराला." त्यावर तिचं एकच उत्तर, "वारं लागलं तर सर्दी हुईल. सर्दीवर औषीद हाय." लोकांनी तिला आगाऊ ठरवलं. ठरवू देत. मुळात ती आगाऊ नव्हती, उलट भारी भित्री बाई होती, आणि तिच्या भीतीला कारण होतं.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी, नेकनूरला गेली होती. मुलगा झाला. पौषातली थंडी, रानातून येणारं वारं अंगाला झोंबायचं. तिची आई चतुराबाई लेकीसाठी जीव टाकणारी. तिनं खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, दाराच्या तळाशी गोणपाट सारलं आणि बाजेखाली घमेलंभर निखारे ठेवले. निखारे कसे, तर निवडक. धूर सोडणारा एकेक कोळसा तिनं चिमट्यानं वेचून बाहेर टाकला होता. बाळंतिणीच्या खोलीत धूर नको, एवढं तिला तिच्या आईनं शिकवलेलं होतं.

पहाटे महानंदाला जाग आली ती डोकं फुटेल अशा दुखण्यानं. बाजेवरून पाय खाली टाकते न टाकते तोच ती भडभडून ओकली. मग तिनं कुशीतल्या बाळाला हात लावला. गाल अजून गुलाबी होते, पण अंग गार पडलेलं होतं.

चतुराबाईनं दार लावून घेतलं आणि लेकीला छातीशी धरलं. "झोपंत अंगाखाली गेलं गं लेकरू. झोपंत कुनाला सुद असती? तू कुनाला बोलू नगंस, मी बी बोलनार न्हाई." सासरी तिनं निरोप धाडला की बाळाला डबा झाला आणि ते रातोरात गेलं. तान्ह्या पोरांच्या छातीच्या त्या दुखण्याचं नाव घेतलं की कोणी पुढं विचारायचं नाही. लिंगायतांच्या रीतीनं गळ्यात लिंग बांधलेलं ते पोर, नाव ठेवायच्या आधीच मातीत गेलं. आपलं डोकं दुखत होतं, ओकारी झाली, हे महानंदानं आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, दुःखानं होतं तसं. पण दुखणं आधी आलं होतं आणि दुःख मागून, हे बोलायची तिची हिंमत झाली नाही.

पुढं वर्षाराणी झाली, सोमेश्वर झाला. दोघांनाही तिनं रात्री कधी कुशीत घेतलं नाही. पोर पाळण्यात, आणि ही भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या काढणार. सासू येताजाता टोचायची, "काय बाईचं काळीज हाय, लेकराला ऊब बी देईना." महानंदा मान खाली घालून ऐकायची. ज्या अंगानं एक लेकरू घेतलं, ते अंग दुसऱ्याजवळ न्यायचं कसं? नवऱ्याला हे विचारायची सोय नव्हती, कारण त्यालाही डबाच सांगितलेला होता.

दिवस कोणाच्या दुःखासाठी थांबत नाहीत. सोमेश्वर कॉम्प्युटर शिकला. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी धास्ती पसरली होती, आणि त्या धास्तीच्या जिवावर आपल्याकडची पोरंसुद्धा भराभरा विमानात बसत होती. सोमेश्वरही बसून अमेरिकेला गेला. त्याच हिवाळ्यात वर्षाराणी बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. पणतीचं करायला म्हातारी चतुराबाई नेकनूरहून हजर. डोळ्यांनी तिला धड दिसत नव्हतं, पण शेगडी काही तिनं कोणाच्या हाती दिली नाही.

बहिणीसाठी सोमेश्वरनं मित्राबरोबर एक पांढरी डबी पाठवली. हवेत विषारी वायू झाला की ओरडणारी. तिकडं म्हणे घराघरांत भिंतीवर असते. तिच्यावर एक बटण होतं, ते दाबलं की कान किटतील असा भोंगा वाजायचा. धोंडप्पाला खेळणंच मिळालं. साखर मोजता मोजता गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायचा आणि वर सांगायचा, "झकास चालतंय बघा. अमेरिकेचा माल हाय."

सोमेश्वरचा फोन आला तेव्हा त्यानं बापाला झापलंच. "आण्णा, बटन दाबून नुसता भोंगा कळतो. तिचं नाक चालतंय का न्हाई, ते कळत न्हाई." मग आईला म्हणाला, "आई, कोळशातून एक वायू निघतो. दिसत न्हाई, वास येत न्हाई. आधी डोकं दुखतं, उलटी होती. मोठं मानूस एखाद्या वेळी वाचतं, तान्हं लेकरू न्हाई वाचत." फोन कधीच तुटला होता, तरी महानंदा कानाशी रिसीव्हर धरून उभी होती. धोंडप्पानं तो तिच्या हातातून काढून घेतला.

आता डबीचं नाक तपासायचं, तर धोंडप्पानं आपल्या परीनं तपासलं. अंगणातल्या चुलीत ओल्या तुराट्या घातल्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागेपर्यंत धूर केला आणि डबी त्यात धरली. डबी चूप. "ह्याला नाकच न्हाई!" तो खोकत खोकत म्हणाला. तरी पोराचं मन राखायचं म्हणून डबी बाळंतिणीच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. संध्याकाळी चतुराबाईनं हातानं चाचपत, वेचून, लालभडक निखाऱ्यांची शेगडी बाजेखाली सरकवली आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं डबी अशी किंचाळली की तान्ही पोर टाहो फोडून रडू लागली.

धोंडप्पा धावत आला. खोलीत धुराचा मागमूस नव्हता. "धुरात गप, आन् धूर नसला की बोंबलतंय! उलट्या खोपडीचं हाय हे." त्यानं डबीतला सेल उपटून काढला.

"आई, माझं डोकं लई ठणकायलंय," बाजेवरून वर्षाराणी म्हणाली.

महानंदानं शेगडी उचलली आणि बाहेर नेली. चतुराबाईला सांगितलं, पोरीला उकडतंय. त्या रात्री ती नेहमीसारखीच भिंतीला टेकून बसली, पण डुलकी लागली नाही. डबी खोटी असेल तर जे इतकी वर्षं होतं तेच पुढं. पण डबी खरी असेल तर? तर ही पोर वाचणार होती. आणि त्या पहाटे नेकनूरला आपलं अंग आपल्या बाळावर गेलंच नव्हतं. एवढी मोठी आशा धरायचं तिला भय वाटत होतं. शिवाय ती दुकानदाराची बायको. गिऱ्हाइकाला तराजू नेहमी आपल्याला हवा तसाच दिसतो, हे ती जन्मभर बघत आली होती. आपण गिऱ्हाईक व्हायचं नाही, असं तिनं ठरवलं.

सकाळी कोवळं ऊन देण्याच्या निमित्तानं तिनं लेक आणि नात दोघींना अंगणात बसवलं. धोंडप्पानं गल्ल्यावर टाकलेला सेल आणून डबीत घातला. खोलीची खिडकी लावली, आत काहीच न ठेवता नुसती डबी ठेवून दार ओढलं आणि उंबऱ्याबाहेर तांदूळ निवडत बसली. सूपभर तांदूळ निवडून झाले, डबी गप्प. मग तिनं निखारे आत ठेवले, अगदी आईच्या पद्धतीनं, धुराचा कोळसा वेचून. पुन्हा तांदूळ घेतले, पण या वेळी खडा कुठला आणि दाणा कुठला हे तिला दिसत नव्हतं. डबी किंचाळली. तिनं शेगडी काढली, खिडकी सताड उघडली. हवा खेळली तशी डबी शांत झाली. ती पुन्हा निखारे आत घेऊन गेली, दार ओढलं, आणि डबी पुन्हा किंचाळली.

शेगडी अंगणात ओतून तिनं निखाऱ्यांवर पाणी मारलं आणि मागल्या दारी जाऊन पदर तोंडात कोंबून रडली. मी न्हाई, मी न्हाई, एवढंच ती स्वतःशी म्हणत होती.

दुपारी वर्षाराणी अंघोळीला गेली. उघड्या खिडकीच्या खोलीत नात बाजेवर झोपली होती. महानंदा तिच्याशेजारी आडवी झाली, तिला कुशीत ओढून घेतलं आणि डोळे मिटले. त्या पहाटेनंतर पहिल्यांदा तिला लेकराच्या श्वासाची भीती वाटत नव्हती.

भिंत चाचपत चतुराबाई आत आली. "महानंदे, सकाळी ती डबी कावून किंचाळत हुती गं?"

महानंदाच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण तिच्यासमोर आईचे हात होते. वाळलेले, चटक्यांच्या डागांचे. याच हातांनी एकेक कोळसा वेचला होता. म्हातारीचे किती दिवस उरले होते, आणि ते तिनं काय घेऊन काढायचे?

"बिघडलीया, आई," ती म्हणाली. "आन् शेक आता नगं. डॉक्टरीनबाईनं मना केलंय."

"बरं बाई." चतुराबाई बाजेच्या कडेला टेकली. पणतीला गोंजारायला तिनं हात पुढं केला, तर तो महानंदाच्या दंडाला लागला, आणि तिच्या छातीशी झोपलेल्या पोरीला. हात जागच्या जागी थांबला. म्हातारीचा आवाज अगदी खाली आला, त्यात राग नव्हता, मायाच होती.

"ऊठ गं माय. लेकराजवळ निजू नगंस. झोपंत सुद नसती मानसाला. तुला ठाव हाय ना?"

"ठाव हाय, आई," महानंदा म्हणाली आणि उठून बसली.