यंत्रमागाच्या शेडात लावलेली तबकडी

आमच्या बँडची पहिली तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर आवाज माझा होता. गाणी मात्र सगळी माझ्या थोरल्या भावाची, दादाची. तो यंत्रमाग चालवायचा. आम्ही चौघं गिटार, बोंगो घेऊन त्याच्याच शेडात बसायचो आणि माग चालू असतानाच गाणी बसवायचो, कारण पाळी संपेपर्यंत त्याला माग सोडता यायचे नाहीत. त्या खडखडाटाच्या वर दादा गळा ताणून गायचा.

मुंबईला रेकॉर्डिंगच्या खोलीत आपलाच श्वास ऐकू यावा अशी शांतता होती. दादा तिथंही तसाच गायला. दुसरं त्याला येतच नव्हतं. काचेपलीकडचा साहेब त्याला माइकपासून मागं सरकवत गेला. दादाची पाठ दाराला टेकली तेव्हा साहेब म्हणाला, "दुसरं कोण गातं तुमच्यात?"

मी कचेरीतला कारकून, माझा आवाज मऊ. मी पुढं झालो. दादाच्या जागी उभा राहून गायलो. त्या हरामखोर साहेबाला पुढं वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, तेवढीच माझी मर्दुमकी.

तबकडी आली, तशी उसना रेकॉर्डप्लेअर आणून शेडात लावली. मी म्हणालो, "दादा, माग बंद कर की जरा."

"कशाला? गाणी हितंच बसवली न्हवं? मागावरच ऐकू की."

तबकडी फिरत राहिली. एक अक्षर ऐकू आलं नाही. त्या खडखडाटाच्या वर जाईल असा गळा आमच्यात एकच होता, आणि तो तबकडीवर नव्हता.