मेणाखालचा कंडेन्सर

सासऱ्यांच्या रेडिओचं मी काय केलं, हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली माझी मुंबईची नोकरी सुटली आणि आम्ही रत्नागिरीत तिच्या माहेरी आलो, चार महिन्यांपुरते म्हणून. मिरजोळ्याला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियनचं काम मिळालं आणि चार महिन्यांची वर्षं झाली. घरजावयाला कोणी लागेल असं बोलत नाही. आंघोळीला कधी जायचं, कुठल्या खुर्चीत बसायचं नाही, हे त्याचं त्याला कळत जातं.

सासरे लष्करात सिग्नल्सला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगाराच्या लिलावातून एक रिसीव्हर आणला होता, महायुद्धाच्या वेळचा, दोघांनी उचलावा एवढा जड. दुपारी हेडफोन लावून ते बोटींचे मोर्समधले निरोप वहीत उतरवून घेत. सुट्टीच्या दिवशी मी शेजारी बसायचं आणि ते वाचून दाखवतील ते ऐकायचं.

एकदा सेट मुका झाला. दोष चटकन सापडला. मेणात बुडवलेल्या कागदाचा एक कंडेन्सर गळत होता, म्हणजे जी वीज अडवायची तीच पुढे सोडत होता. त्या काळचे कागदी कंडेन्सर जातातच, आमच्या दमट हवेत तर हमखास.

“बदलावा लागेल, मामा.”

“आणि तुमच्या कारखान्यातलं पिवळं कायतरी भरणार? नाय जमायचं. जावई बदलता येत नाय, कंडेन्सर तरी मूळचा राहू दे!”

आत सासूबाई हसल्या. मीही हसलो.

ते बाजारात गेल्यावर मी तो काढला, गरम करून आतला कागद उपसला, पुठ्ठ्याच्या त्याच नळीत नवा पिवळा कंडेन्सर सरकवला, वरून मेण ओतलं आणि जागच्या जागी कथलाचा डाग मारला. ते परत आले तेव्हा सेट बोलत होता. नुसता साफ केला, असं सांगितलं.

मग पाहुणा आला की मागचं झाकण उघडून ते पेन्सिलीने नेमका तोच दाखवायचे. “पन्नास वर्षं झाली ह्याला. काय ओ जावईबापू, खरं की नाय?” मी मान डोलवायचो.

पुढच्या वर्षी आवाज फाटायला लागला. या वेळी शेवटच्या काचेच्या व्हॉल्व्हच्या आधीचा कंडेन्सर गळत होता. तो गेला की व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. तसला ट्रान्सफॉर्मर आता मिळणार कुठे? मी हे सगळं त्यांना सांगितलं.

“ह्याचा भाऊ चालतोय ना अजून? दोघं एकाच खोक्यातले. कायऽऽ होत नाय.”

त्यांच्याकडे पुरावा होता आणि तो मीच बनवला होता. एका वाक्याचं काम होतं. पण ते बोलायचं तर वर्षभर डोलवलेली मान कुठे लपवायची, आणि पुन्हा त्याच घरात त्यांच्याच पंगतीला बसायचं. गुपचूप बदलावा म्हटलं, तर माझी चुळबुळ पाहून त्यांनी झाकणाच्या स्क्रूंवर लाख लावून टाकली. “आता कोणी हात लावायचा नाय.”

त्यानंतर कामावरून आलो की चपला काढायच्या आधी मी वास घ्यायचो. रोज.

एका रविवारी जेवणं आटपत असताना तो वास आला. धावत जाऊन प्लग काढला. लाख फोडून पाहिलं तर ट्रान्सफॉर्मरमधून काळा चिकट रस गळत होता.

सासऱ्यांनी वाकून आत पाहिलं. मग म्हणाले, “तुम्ही सांगितलं होतंत. मीच ऐकलं नाय.”

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “जुना झाला होता, मामा.”

त्या दिवसापासून ते मला विचारायला लागले. आधी विजेचं, मग कशाचंही. मोटर आता लावू की नंतर? आंबे आज उतरवायचे का? ज्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात भांडं हललं नव्हतं, ते माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, बरं झालं, जावयावर विश्वास बसला. शेवटच्या आजारपणात घामाने निथळत पडलेले असायचे, बटण हाताशी. तरी मी खोलीत येईपर्यंत थांबायचे आणि विचारायचे, “पंखा लावला तर चालेल ना ओ?”

“लावा की, मामा,” मी म्हणायचो.