तीन मेणबत्त्या परत आणायला कुणकेश्वरला

मालवणला जायचं मी बुधवारी संध्याकाळी ठरवलं. तेव्हा माझ्या हातात ओला टॉवेल होता आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक करवंटी जळत होती.

आधी थोडं मेणबत्त्यांबद्दल सांगते. शाळेत असताना चॅपलमधली मेणबत्त्यांची थोटकं गोळा करून आम्ही मुली ती डब्यात वितळवायचो. आमच्या सिस्टर सुतळीची वात धरून उभ्या राहायच्या आणि आम्ही श्वास रोखून मेण ओतायचो. गरम मेणाचा तो वास मला अजून आवडतो. निवृत्तीनंतर मी पुन्हा मेणबत्त्या करू लागले आणि मग लाकडी वातीच्या नादी लागले. आंब्याच्या पेटीची पातळ फळी घ्यायची, अर्धा इंच रुंदीची पट्टी कापायची, तासभर खोबरेल तेलात भिजवून पुसायची आणि पत्र्याच्या चिमट्यात उभी करून भोवती मेण ओतायचं. वर तांदळाच्या दाण्याएवढीच वात ठेवायची. ज्योत बुटकी आणि रुंद येते, आणि जळताना चुलीसारखी बारीक तडतडते.

मे महिन्यात मालवणच्या उत्तरेला, कोळंबच्या पुढे एका वाडीत मी सात बायकांना ही कला शिकवली होती. काचेचे ग्लास महाग, शिवाय एसटीत फुटतात. मी म्हटलं, "करवंट्या वापरा की! इथे काय तोटा आहे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. करवंट्या काचकागदाने घासून इतक्या गुळगुळीत केल्या की बघत राहावं. दिवाळीनंतर त्यांच्या साठ मेणबत्त्या तयार झाल्या. पर्यटकांना विकायच्या होत्या.

माझ्याकडे मी केलेल्या काही होत्या, त्यांतली एक रोज अर्धा तास लावायची आणि विझवायची. त्या बुधवारी पहिल्यांदाच एक नवी शेवटपर्यंत जळू दिली. मेण तळाला गेलं, वात कलली, करवंटीच्या कडेला टेकली आणि करवंटीने पेट घेतला. वीतभर उंच, तेलकट, काळा धूर सोडणारी आग. टॉवेल टाकला तरी खालून धुमसत राहिली. मी ओट्याला धरून उभी होते आणि डोळ्यांपुढे साठ करवंट्या दिसत होत्या.

गटाची प्रमुख प्रमिला. तिच्या घरचा मोबाइल नवऱ्याकडे, आणि तो ट्रॉलरवर. वाडीतल्या दुकानाचा फोन वादळी वाऱ्यानंतर बंदच होता. पत्र पोचायला चार दिवस. म्हणून गुरुवारी पहाटे सहाला मी कोल्हापूरच्या स्टँडवर होते.

जाणाऱ्यांसाठी: गगनबावड्यावरून वैभववाडी, कणकवली करत मालवणला जाणारी एसटी घ्यावी. तिकीट शंभरच्या आसपास, पावणेसहा तास. घाट उतरताना ज्यांना मळमळतं त्यांनी आल्याची वडी तोंडात ठेवावी. दरीचा देखावा फार सुंदर आहे म्हणतात. मी पाहिला नाही. मी प्रत्येक वळणावर एकच विचार करत होते, काल रात्री कुणी लावली असेल का? वैभववाडीला गाडी वीस मिनिटं थांबते, स्टँडसमोर उसळ-पाव चांगला मिळतो. मी चहासुद्धा अर्धा टाकला.

साडेबाराला वाडीत पोचले. प्रमिला पडवीत जाळं सोडवत बसली होती. मला बघून उठली.

"बाई! अशा अचानक इलास?"

"मेणबत्त्या कुठे आहेत?"

"हयसरच. कित्या, काय झाला?"

मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण तिला नवल वाटलं नाही. हे मला तेव्हा जाणवलं, कळलं मात्र नंतर. पडवीतल्या खोक्यात अठ्ठेचाळीस होत्या. बाकीच्या बायकांनी शेजारीपाजारी, नातलगांना बघायला दिल्या होत्या. आम्ही भर उन्हात घरोघर फिरलो. एका घरी देव्हाऱ्याजवळ, एका घरी गवताच्या गंजीला टेकून. एकीने विचारलं, "बाईंची वस्तू परत कशी देवची?" मी तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. चार वाजता खोक्यात सत्तावन्न झाल्या.

"तीन कुठे गेल्या, प्रमिला?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. "बाई, तुमी सांगललास, फुकट कोणाक देवची नाय."

"मी रागावणार नाही. कुठे गेल्या?"

"कुणकेश्वराक. माझ्या आतेक. सकाळी भावाबरोबर धाडलंय."

तिची आते जयवंती. चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरलेली बाई. श्रावणात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, आता खाटेवरून उठता येत नाही. घराची भिंत पडल्यापासून मांगरात राहते. मांगर म्हणजे माडाच्या विणलेल्या झापांची खोप. वर झाप, चारी बाजूंना झाप. आणि कुणकेश्वरला त्या महिन्यात लोडशेडिंग संध्याकाळी सव्वासहाला सुरू व्हायचं.

"ती काळोखाक भिता, म्हणान दिलंय," प्रमिला म्हणाली.

पुढची एसटी साडेपाचची होती. रिक्षावाले दाजी जेवून झोपले होते, त्यांना उठवण्यात अर्धा तास गेला. सहाशे रुपये म्हणाले, मी मान डोलावली. पावणेपाचला आम्ही निघालो. मालवण ते कुणकेश्वर हा आचरा, मुणगे, मिठबावमार्गे जाणारा रस्ता सवडीने करण्यासारखा आहे. डावीकडे मधूनच समुद्र उघडतो, खाडीचे पूल आहेत, काजूच्या बागा आहेत. अरुंद आहे, समोरून गाडी आली की एकाला थांबावं लागतं. आम्ही दर वेळी थांबलो.

"दाजी, जरा वेगात घ्या ना."

"बाई, ह्या रिक्षा आसा, विमान न्हय," दाजी म्हणाले. मग प्रमिलाकडे आरशात बघून, "आते तुझी एवढ्यात मराची नाय गो. माझ्या बापाशीक तिना बांगड्याच्या भावावरून भर बाजारात रडवलेलो."

प्रमिला हसली नाही. रिक्षाचा दांडा घट्ट धरून ती पुटपुटत होती, "कुणकेश्वरा, तिका राख. पाच नारळ देतंय." नारळ म्हणताच मला पुन्हा करवंटी दिसली.

मिठबावात शिरताना दुकानांत दिवे होते. एका घरातून टीव्हीचा आवाज येत होता. आम्ही बाजार ओलांडत असताना सगळं एकदम विझलं. टीव्ही गप्प झाला. कुणीतरी "गेली!" म्हणून ओरडलं, जसं रोज ओरडतात. मी घड्याळ पाहिलं. सव्वासहा. अजून दहा किलोमीटर होते.

त्या दहा किलोमीटरमध्ये मी मनाशी हिशेब करत होते. मेण तळाला जायला माझ्याकडे दोन तास लागले होते. पण तिच्या करवंट्या लहान असतील तर? वाऱ्याने वात कलली तर? खाटेवरून हात पुरेल का तिचा? आणि पुरला तर ती जळती करवंटी उचलायला जाईल आणि ती अंथरुणावरच पडेल.

कुणकेश्वरच्या अलीकडे रिक्षा थांबली. पुढे माडांतून पायवाट होती. आम्ही उतरलो आणि मला वास आला. तोच, माझ्या ओट्यावरचा, तेलकट जळका. माडांच्या बुंध्यांमधून लाल उजेड हलत होता. प्रमिला धावली. मी माडांना धरत मागून गेले.

"आते! गो आते!"

ती धावता धावता पुन्हा ओरडली.

"आते!"

"कोण ता बोंबालता?" आतून आवाज आला. "मरूक नाय मी अजून."

अंगणाच्या मधोमध, मांगरापासून सात-आठ पावलांवर, वाळूने भरलेल्या घमेल्यात, वाऱ्याने वात कलून, करवंटी होळीसारखी जळत होती. दार सताड उघडं होतं आणि आत खाटेवर उशीला टेकून एक वाळकी, मोठ्या नथीची म्हातारी तो जाळ बघत होती. शेजारीण उंबऱ्यावर बसली होती.

"ह्या शेजारणीन माझ्या उशाशी आणून ठेवल्यान," म्हातारी म्हणाली. "मी म्हटलंय, बाहेर काढ आधी! नारळाची करटी ती! चुलीक घालतंव ती! तिका पेटवन कोण उशाशी ठेयता? माझी कंबर मोडली, डोक्या नाय मोडला."

मी खाली जमिनीवरच बसले. रडू आलं आणि ते मला थांबवता येईना.

"ही कोण?" तिने विचारलं.

"मेणबत्तीवाल्या बाई," प्रमिला हळूच म्हणाली.

म्हातारीने मला नीट पाहिलं. मग मला सोडून ती भाचीकडे वळली. "आणि तू गो? तू रोज चूल कशान पेटवतंस?"

प्रमिला खाली मान घालून उभी होती. "करटेन," ती म्हणाली.

उरलेल्या दोन मेणबत्त्या खाटेखालून काढून मी पिशवीत टाकल्या. दाजींना रात्री परत जायचं नव्हतं, आम्ही तिथेच राहिलो. शेजारणीने भात आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. जयवंती आतेने शेजारणीच्या कंदिलाच्या उजेडात माझ्या ताटातला काटा नीट निघालाय की नाही ते पाहिलं आणि घाटावरच्या लोकांना मासे खाता येत नाहीत, असं निदान केलं.

सकाळी प्रमिलाने नारळ फोडले. कुणकेश्वरचं देऊळ अगदी पुळणीवर आहे. शिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते, पण एरवी सकाळी आठच्या आत गेलात तर लाटा आणि कावळे एवढेच सोबतीला. पायऱ्यांवर बसून मी तिला विचारलं, "तुम्हा सातही जणींना ठाऊक होतं?"

"होय."

"मग मे महिन्यातच का बोलला नाहीत?"

तिने पायरीवरची वाळू हाताने झाडली. "तुमी शिकलेल्या. आमच्यातल्या शेवंतीन एकदा म्हटल्यान, गो, ही करटी पेटतली. मीच तिका गप केलंय. म्हटलंय, बाईंनी कायतरी विचार केलेलो आसतलो."

मी केला नव्हता. करवंटी किती छान दिसते, एवढाच विचार केला होता. काल दुपारी मी सांगितलं तेव्हा तिला नवल का वाटलं नाही, ते आता कळलं. त्या बायकांनी रोजच्या चुलीपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला होता, आणि हे आठवलं की अजूनही मला ओट्यावरच्या आगीपेक्षा जास्त भीती वाटते.

घरी येऊन महिना झाला. एकोणसाठ करवंट्यांतलं मेण त्यांनी काढून घेतलं. मी पत्राने नवा उपाय कळवला होता, कुंभाराकडून मातीची बोळकी घ्या, माती जळत नाही. चांगला विचार होता असं मला वाटत होतं. काल दुकानाचा फोन सुरू झाला आणि प्रमिलाचा आवाज आला. तब्येत विचारली, आतेने काठीवर चार पावलं टाकली ते सांगितलं. मग थांबली.

"बोल ना," मी म्हटलं.

"बाई, ती बोळकी." मागे कुणीतरी तिला कुजबुजत ढोसत होतं, बहुतेक शेवंती. "नाय, बाई. ता जमाचा नाय. आमी एक वाळूत ठेवन शेवटपर्यंत जाळून बघितलंव. मातयेत मेण मुरता, मगे आख्खा बोळकाच पेटता. आमी काचेचेच गलास आणतंव. फुटले तर फुटले."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं.

"रागावलास नाय मा?"

"नाही गं," मी म्हटलं. "शेवंतीला फोन दे. ती अजून काय म्हणते, ते मला ऐकायचंय."